वाद नसलेला घटस्फोट अंतिम कधी होतो? एका प्रकरणाचा तारीखवार अभ्यास

“आमच्यात आता वाद असा काही उरलेला नाही, दोघांच्या सह्या घ्या आणि मोकळं करा,” या वाक्याने सुरू झालेले प्रकरण नऊ महिन्यांनी संपले. या नऊ महिन्यांपैकी कायद्याने थांबायला लावलेला काळ किती, न्यायालयाच्या कामकाजात गेलेला किती आणि दोघांच्या अपुऱ्या तयारीत गेलेला किती, हे तारखा समोर ठेवून पाहिले पाहिजे. परस्पर संमतीने घटस्फोट घेऊ पाहणाऱ्यांना सहसा एकच आकडा सांगितला जातो, तो म्हणजे सहा महिने. तो खोटा नाही. पण हे सहा महिने कोणत्या दिवसापासून मोजायचे, ते कधी माफ होतात आणि ते संपले म्हणजे नेमके काय संपते, हे ठाऊक नसल्यामुळे लोक नको तिथे घाई करतात आणि जिथे एकेक दिवस मोलाचा असतो तिथे निवांत राहतात.

येथे घेतलेले जोडपे हे कोणी एक खरे जोडपे नाही. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या प्रकरणांचे धागे घेऊन ते बांधले आहे आणि तारखा हिशेब नीट कळावा म्हणून बसवल्या आहेत. कायद्याची कलमे आणि न्यायनिर्णय मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

पत्नी पुण्यात एका बँकेत नोकरीला, पती संगणक अभियंता. लग्न हिंदू पद्धतीने, २०१५ मध्ये. सहा वर्षांची एक मुलगी. पुण्यात दोघांच्या नावावर दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यावर दोघांच्याच नावे गृहकर्ज. मार्च २०२२ मध्ये पती नोकरीनिमित्त मेलबर्नला गेला. मुलीचे शाळेचे वर्ष संपले की पत्नीने तिला घेऊन जायचे, असे ठरले होते. ते झाले नाही. त्या वर्षी गणपतीत पती भारतात आला, तेव्हा दोघांत जे व्हायचे ते झाले. तो आधी साताऱ्याला आईवडिलांकडे जाऊन राहिला आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी परत मेलबर्नला गेला. वर्षभर दोन्ही घरच्या मोठ्यांनी समजूत घालून पाहिली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी पत्नी पहिल्यांदा वकिलाकडे आली आणि पती त्याच बैठकीत फोनवरून सामील झाला.

पहिलाच प्रश्न असा की दोघे वेगळे राहू लागले ते कोणत्या दिवसापासून? हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३-ब प्रमाणे संयुक्त अर्ज करण्यापूर्वी पतीपत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. पतीचे म्हणणे, मी मार्चमध्ये देश सोडला, म्हणजे मार्चपासून धरा. हे चालणारे नव्हते. नोकरीसाठी दोन गावी राहणे म्हणजे या कलमातले वेगळे राहणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केले आहे की ‘वेगळे राहणे’ याचा अर्थ पतीपत्नी या नात्याने न राहणे, मग ते एका छपराखाली असोत वा नसोत. मार्च ते ऑगस्ट २०२२ या काळात हे दोघे दोन खंडांत राहत होते, तरी त्यांचा संसार एकच होता. रोज रात्री बोलणे होत होते, पगार एकाच खात्यात जमा होत होता आणि मुलीच्या व्हिसाचे कागद तयार होत होते. उलट एकाच घरात, वेगवेगळ्या खोल्यांत, वर्षभर परक्यासारखी राहिलेली जोडपी या अटीत बसतात. त्यामुळे पती घरातून निघून साताऱ्याला गेला ती तारीख, १२ सप्टेंबर २०२२, अर्जात लिहायची ठरली. पुढचा सगळा हिशेब या एका तारखेवर उभा राहिला. ही तारीख सोयीची म्हणून मागेपुढे करणारे लोक भेटतात, पण शपथेवर द्यायची ती तारीख आहे आणि न्यायालय ती विचारते.

एक वर्ष १२ सप्टेंबर २०२३ लाच पूर्ण झाले होते, म्हणजे ऑक्टोबरमध्ये अर्ज दाखल करता येत होता. कलम १३-ब च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे अर्ज सादर केल्यापासून सहा महिने झाल्यावर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन ‘आमचा निर्णय कायम आहे’ असे सांगायचे असते. त्यानंतर न्यायालय चौकशी करून हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, देते. हे सहा महिने अर्ज सादर झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात, पहिल्या सुनावणीपासून किंवा समुपदेशकांच्या भेटीपासून नव्हे. ही बारीक वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात एकदोन महिन्यांचा फरक पाडते, कारण अर्जाला क्रमांक पडून पहिली तारीख लागेपर्यंत पुष्कळदा काही आठवडे निघून गेलेले असतात.

पतीने कुठेतरी वाचले होते की सहा महिन्यांची अट आता रद्द झाली आहे. ती रद्द झालेली नाही. न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी असा निर्णय दिला की ही मुदत सक्तीची नसून मार्गदर्शक स्वरूपाची आहे आणि योग्य प्रकरणात कौटुंबिक न्यायालय ती माफ करू शकते. त्यासाठी न्यायालयाने काय पाहावे हेही त्यात सांगितले आहे. पहिल्या हजेरीपूर्वीच एक वर्ष आणि त्यावर सहा महिने, असा दीड वर्षाचा दुरावा झालेला असावा. समेटाचे सगळे प्रयत्न थकलेले असावेत. पोटगी, मुलाचा ताबा आणि इतर सर्व प्रश्न दोघांनी खरोखर मिटवलेले असावेत. आणि आणखी थांबल्याने केवळ यातना लांबणार असाव्यात. पहिल्या हजेरीनंतर आठवड्याने कारणे देऊन मुदतमाफीचा अर्ज करता येतो. ११ डिसेंबर २०२१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या कसोट्या उदाहरणादाखल आहेत, त्यांची यादी बंदिस्त नाही, असे सांगितले. तरी खालची न्यायालये दीड वर्षाचा हिशेब पाहतातच. १ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दिलेला निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली थेट घटस्फोट देण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या अधिकाराविषयी आहे. त्याच निर्णयात असेही म्हटले आहे की पक्षकारांना थेट रिट याचिका करून विवाहविच्छेद मागता येणार नाही. म्हणून त्या निकालाच्या भरवशावर कौटुंबिक न्यायालयाचा रस्ता टाळता येत नाही.

आता हिशेब मांडू. १२ सप्टेंबर २०२२ पासून दीड वर्ष पूर्ण होते १२ मार्च २०२४ ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोघांना वेगळे राहून तेरा महिने झाले होते. तडजोडीच्या अटी त्या वेळी तयार असत्या, तर पंधरा दिवसांत अर्ज लिहून ३० ऑक्टोबरला दाखल करता आला असता, सहा महिने ३० एप्रिल २०२४ ला संपले असते आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर का होईना, हुकूमनामा मिळण्यासारखा होता, आणि तोही एका दिवसाची सूट न मागता. थांबायचेच तर ते दाखल करून थांबावे, कारण दाखल केल्यावर कायद्याचे घड्याळ चालू होते आणि दाखल न करता घालवलेला दिवस कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. मुदतमाफी मिळणार म्हणून दीड वर्ष भरण्याची वाट पाहणे हा तेरा महिने झालेल्या जोडप्यासाठी आतबट्ट्याचा व्यवहार आहे. वेगळे राहून सोळासतरा महिने झालेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी महिनादोन महिने थांबणे परवडते.

पण अर्ज ऑक्टोबरमध्ये दाखल झाला नाही. तो दाखल झाला १८ मार्च २०२४ रोजी. मधल्या पाच महिन्यांत काय झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे.

दोघांनी पहिल्या बैठकीत जे ‘सगळं ठरलंय’ म्हणून सांगितले, ते कागदावर उतरवायला घेतल्यावर पाऊण पानाचे निघाले. मुलगी आईकडे राहील. फ्लॅट पत्नीच्या नावे करण्यात येईल. पती मुलीचा खर्च देईल. पत्नी स्वतःसाठी पोटगी मागणार नाही. यातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी कधी, किती आणि न दिल्यास काय, हे प्रश्न उभे होते. ‘करण्यात येईल’ या क्रियापदाने जितकी प्रकरणे पुढे अडली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने अडली असतील, असे माझे मत आहे.

मुलीविषयीचे ठरायला फारसा वेळ लागला नाही, आणि त्याचे श्रेय दोघांना दिले पाहिजे. ताबा आईकडे, वडिलांशी आठवड्यातून तीन दिवस व्हिडिओवर बोलणे, वडील भारतात असतील तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा भाग आणि उन्हाळ्याचे तीन आठवडे वडिलांकडे व साताऱ्याच्या आजीआजोबांकडे, पासपोर्टच्या नूतनीकरणाला दोघांची संमती आधीच गृहीत, महिन्याला २५,००० रुपये आणि शिक्षणासाठी १५ लाख रुपयांची मुदत ठेव. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. पत्नी स्वतःची पोटगी सोडू शकते, पण मुलीचा खर्चाचा हक्क तिची आई सोडू शकत नाही. मुलाच्या हिताबाबत आईवडिलांनी काय लिहून दिले आहे याने न्यायालय बांधलेले नसते, कलम २६ खाली ते स्वतः पाहते. ‘मुलीसाठी काही नको’ असा स्वाभिमानाने लिहिलेला मजकूर प्रकरण लवकर संपवत नाही, उलट न्यायाधीशांना थांबून विचारायला लावतो.

वेळ गेला तो फ्लॅटमध्ये. फ्लॅटवर ३१ लाखांचे कर्ज शिल्लक होते आणि पती सहकर्जदार होता. दोघांनी आपसात काहीही ठरवले तरी बँकेला ते बंधनकारक नाही. एका कर्जदाराला मोकळे करायचे तर उरलेल्या कर्जदाराचे उत्पन्न पुरेसे आहे का, हे बँक नव्याने तपासते. पत्नीचे पगारपत्रक, विवरणपत्रे, फ्लॅटचे पुन्हा मूल्यांकन, विमा, असे करत डिसेंबरमध्ये दिलेल्या अर्जावर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. हा अर्ज ऑक्टोबरमध्येच दिला असता तर दोन महिने वाचले असते. तो का दिला नाही, तर ‘आधी घटस्फोट होऊ दे, मग घराचं बघू’ असे दोघांच्याही मनात होते.

आधी घर आणि मग घटस्फोट, असा हा क्रम उलटा करण्यामागे दुसरेही कारण होते. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता पती किंवा पत्नीला बक्षीस दिली तर त्या वेळी मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये होते, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत पती आणि पत्नी यांच्यासाठी आहे. हुकूमनामा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते दोघे कायद्याच्या दृष्टीने एकमेकांचे कोणी नसतात आणि तोच दस्त तेव्हा केला असता तर शुल्क लाखांच्या घरात गेले असते. म्हणून दस्त कोणत्या स्वरूपाचा करायचा हे नोंदणीच्या कामातील वकिलाकडून तपासून घेऊन पतीच्या अर्ध्या हिश्श्याचे बक्षीसपत्र ५ मार्च २०२४ रोजी, अर्ज दाखल करण्यापूर्वीच, नोंदवले गेले. पतीच्या वतीने त्याच्या थोरल्या भावाने सही केली. त्यासाठीचे मुखत्यारपत्र मेलबर्नमधील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घेतले होते आणि ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले होते. ही तीन महिन्यांची मुदत विसरून मुखत्यारपत्र पुन्हा करायची वेळ अनेकांवर येते.

पती १४ मार्चला दहा दिवसांच्या रजेवर आला. दोघांनी संयुक्त अर्जावर, शपथपत्रांवर आणि सात पानांच्या सहमतीच्या अटींवर सह्या केल्या. अशा अर्जात प्रतिवादी नसतो. अर्जदार क्र. १ आणि अर्जदार क्र. २, असे दोघेही एकाच बाजूला. लग्न मोडतानाच्या कागदावर दोघांची नावे शेवटची एकत्र आणि एकाच ओळीत येतात, हे सही करताना बहुतेकांच्या लक्षात येते आणि तिथे पेन क्षणभर थांबते. त्या दिवशीही पत्नीने आधी सगळी पाने उलटून पाहिली, मुलीच्या परिच्छेदावर बोट ठेवून तो पुन्हा एकदा वाचला आणि मग सही केली. अर्ज १८ मार्चला दाखल झाला. कायद्याचे सहा महिने १८ सप्टेंबर २०२४ ला पूर्ण होणार होते.

२ एप्रिलला पहिली तारीख लागली आणि न्यायालयाने दोघांना विवाह समुपदेशकांकडे पाठवले. हा टप्पा निव्वळ उपचार समजणे चुकीचे आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि मुदतमाफीच्या अर्जाला समुपदेशकांचा अहवाल हा मोठा आधार असतो. समुपदेशक दोघांशी एकत्र बोलल्या, मग वेगवेगळ्या बोलल्या. पती परत गेला असल्यामुळे त्याची भेट १६ एप्रिलला व्हिडिओवरून झाली. त्यांनी पैशांविषयी जवळजवळ काही विचारले नाही. मुलीला काय सांगितले आहे, कोणी सांगितले आणि ती काय म्हणाली, एवढेच विचारले. मुलीला अजून काहीच सांगितलेले नव्हते. दोघांनी मिळून तिला सांगावे, एकट्याने नव्हे, अशी सूचना त्यांनी केली आणि दोघांनी ती पाळली. समेट शक्य नाही, असा अहवाल न्यायालयात गेला.

२२ एप्रिलला मुदतमाफीचा अर्ज दिला गेला. त्यात वेगळे राहण्याची तारीख, अठरा महिन्यांचा हिशेब, घरच्यांनी आणि समुपदेशकांनी केलेले प्रयत्न, फ्लॅटच्या दस्ताची नक्कल, बँकेचे पत्र आणि मुदत ठेवीची पावती, हे सगळे होते. न्यायाधीशांनी दोन प्रश्न विचारले. पती मार्च २०२२ पासूनच परदेशात असताना सप्टेंबरची तारीख कशावरून धरली? आणि मासिक खर्चाची हमी काय? पहिल्याचे उत्तर पासपोर्टवरचे शिक्के आणि दोघांचे शपथपत्र. दुसऱ्यासाठी पतीच्या भारतीय खात्यातून दरमहा आपोआप वर्ग होण्याचा बँकेला दिलेला आदेश. पतीचे शपथपत्र दूतावासात साक्षांकित होऊन यायला तीन आठवडे लागले आणि मध्ये उन्हाळी सुट्टी आली. १४ जूनला मुदत माफ झाली आणि दुसऱ्या हजेरीसाठी १९ जुलै ही तारीख मिळाली.

अटींमधली काही रक्कम हुकूमनाम्यानंतर द्यायची असेल तर मुदतमाफी मिळते का, अशी शंका अनेकांना असते. याविषयी मुंबई उच्च न्यायालयाचा मार्च २०२५ मधील आदेश पाहण्यासारखा आहे. एका नामवंत क्रिकेटपटूच्या प्रकरणात ठरलेल्या रकमेचा उरलेला भाग अजून दिलेला नाही म्हणून कौटुंबिक न्यायालयाने मुदत माफ करायला नकार दिला होता. न्या. माधव जामदार यांनी तो आदेश रद्द केला, कारण तो उरलेला भाग हुकूमनाम्यानंतरच द्यायचा असे सहमतीच्या अटींतच लिहिलेले होते, म्हणजे अटींचे पालन अपुरे राहिलेले नव्हते. ते दोघे अडीच वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. फेब्रुवारीत दाखल झालेला अर्ज २० मार्चला निकाली निघाला, म्हणजे दाखल केल्यापासून साधारण दीड महिन्यात. कौटुंबिक न्यायालयातून इतक्या कमी वेळात हुकूमनामा मिळू शकतो. मात्र दर महिन्याची तारीखही जिथे मुश्किलीने मिळते अशा न्यायालयात कोणी हा आकडा मनात धरून लग्नाचा हॉल आरक्षित करू नये.

१९ जुलैला पत्नी न्यायालयात होती आणि पती मेलबर्नहून व्हिडिओवर. २०१७ च्या निर्णयातच अशी हजेरी घेण्याची मुभा दिलेली आहे. पुकारा दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी झाला, तिकडे संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. न्यायाधीशांनी त्याला ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला आणि खोलीत दुसरे कोणी नाही हे फिरवून दाखवायला सांगितले. मग विचारले, “ही संमती तुम्ही कोणाच्या दबावाखाली देत आहात का?” आवाज पोहोचायला वेळ लागला की तो खरोखर थांबला, कळले नाही, चारपाच सेकंद शांतता होती. न्यायाधीशांनी पुढे न जाता तोच प्रश्न पुन्हा विचारला. “नाही, स्वखुशीने देतो आहे,” असे उत्तर आले आणि ते तसेच नोंदवले गेले.

पुन्हा विचारणे हे निव्वळ सौजन्य नव्हते. संमती जोरजबरदस्तीने, फसवणुकीने किंवा गैरदबावाने मिळवलेली नाही याची न्यायालयाने खात्री करून घ्यावी, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ सांगते. १९९१ च्या ज्या निर्णयाचा वर उल्लेख केला त्यात हेही ठरले की हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही आपली संमती मागे घेऊ शकतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली की संमती शेवटपर्यंत टिकलेली असली पाहिजे आणि एखादा गैरहजर राहिला म्हणजे त्याची संमती आहे असे गृहीत धरता येत नाही. वाद नसलेल्या घटस्फोटातील खरी अनिश्चितता येथे आहे. बाकी सगळे टप्पे मोजता येतात. दुसरा माणूस शेवटच्या तारखेपर्यंत त्याच मताचा राहील का, हे मोजता येत नाही. अटी जितक्या आधी प्रत्यक्षात उतरलेल्या असतील तितके मत फिरण्याचे कारण कमी उरते, आणि म्हणून ते बँकेतले दोन महिने केवळ वाया गेले असे मला वाटत नाही.

त्याच दिवशी निकाल झाला. संध्याकाळी पतीने ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणासमोर ‘डिस्पोज्ड’, म्हणजे निकाली, असे पाहिले आणि विचारले की आता अंतिम कागद कधी येणार? त्याच्या तिथल्या सहकाऱ्याला घटस्फोटाच्या आदेशानंतर एक महिना आणि एक दिवस थांबावे लागले होते. ऑस्ट्रेलियात तसेच आहे, तिथे आदेश होतो तेव्हा विवाह लगेच संपत नाही. इंग्लंडमध्ये तर आधी सशर्त आदेश, मग सहा आठवडे आणि एक दिवसानंतर अंतिम आदेश, असे दोन टप्पे आहेत. हिंदू विवाह कायद्यात कच्चा आणि पक्का असे दोन हुकूमनामे नाहीत. कलम १३-ब खाली विवाह हुकूमनाम्याच्या तारखेपासून विच्छेदित होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे हुकूमनाम्याचा कागद निकालानंतर पंधरा दिवसांत तयार व्हायला हवा, पण त्यावर तारीख निकालाचीच पडते. कागद ऑगस्टमध्ये हाती आला तरी लग्न १९ जुलैलाच संपले होते.

मग अपिलाचे काय? पुनर्विवाहाविषयीचे कलम १५ असे सांगते की हुकूमनाम्याविरुद्ध अपिलाचा हक्कच नसेल तर लगेच, आणि हक्क असेल तर अपिलाची मुदत अपील न होता संपल्यावर, किंवा झालेले अपील फेटाळले गेल्यावर, पुन्हा लग्न करता येते. लढवलेल्या खटल्यात ही मुदत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ प्रमाणे ९० दिवसांची आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्यात मात्र ३० दिवस लिहिलेले असल्यामुळे गोंधळ होत असे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवसांच्या बाजूने निर्णय दिला आहे. आपल्या प्रकरणात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण पक्षकारांच्या संमतीने दिलेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील चालणार नाही असे कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १९(२) सांगते. म्हणजे १९ जुलै हाच अंतिम होण्याचा दिवस. ज्या गावी कौटुंबिक न्यायालय नाही आणि दिवाणी न्यायालयाने हुकूमनामा दिला आहे, तिथे अपिलाच्या हक्काविषयी मतमतांतरे आहेत. अशा वेळी ९० दिवस जाऊ द्यावेत, असा सल्ला मी देतो. हे दिवस न थांबता केलेले लग्न केवळ तेवढ्यावरून रद्दबातल ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये म्हटले आहे, पण नव्या संसाराची सुरुवात वादाच्या छायेत कशाला करावी?

तर हिशेब असा. पहिल्या बैठकीपासून निकालापर्यंत नऊ महिने. त्यात अर्ज दाखल होण्यापूर्वीचे पाच, दाखल झाल्यानंतरचे चार. मुदतमाफीने प्रत्यक्षात वाचले ते १९ जुलै ते १८ सप्टेंबर हे दोन महिने, म्हणजे बँकेचा अर्ज उशिरा दिल्याने जितके गेले तितकेच. कोणी मला विचारले की किती काळ लागेल, तर मी आधी विचारतो की घर, कर्ज आणि मुलांचा खर्च यांची कागदपत्रे कोणत्या अवस्थेत आहेत. उत्तर तिथे दडलेले असते.

हुकूमनाम्याची एक प्रत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे दोघांना विनामूल्य मिळाली. पतीला परदेशात वापरण्यासाठी आणखी एक प्रमाणित प्रत काढून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणन, घेतले गेले, त्याला ऑगस्ट उजाडून सप्टेंबर लागला. घटस्फोटाने वारसनोंदी आपोआप बदलत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक खाती, डीमॅट, प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन स्वतः जाऊन बदलावे लागते. पत्नीने तशी यादी करून एकेक नाव खोडले. सगळ्यात शेवटी राहिला गृहनिर्माण संस्थेचा भागदाखला. व्यवस्थापक समितीच्या बैठकीत ठराव होऊन त्यावरील दोन नावांच्या जागी एक नाव लागले, तेव्हा ऑक्टोबर २०२४ चा दुसरा आठवडा होता.